साहेब गोड निघाले

मी लहानपणापासून फटकळ. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत कुणाचं कुणाशी वाजलं, की माझा काही संबंध नसताना मी मध्ये पडायचे आणि दोन्ही बाजूंना सुनावून यायचे. बारावीनंतर मी समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला जाणार म्हटल्यावर वडील म्हणाले, "समाजाचं काय व्हायचं ते होवो, निदान आमच्या घरात शांतता नांदेल." आई हसली. मी नाही हसले. मला खरंच वाटत होतं की जगात जे काही अडलंय ते कुणी नीट खडसावत नाही म्हणून अडलंय.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दुसऱ्या वर्षाला कॉलेजने फील्डवर्कसाठी मला कल्याणच्या एका संस्थेत धाडलं. संस्था म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली दळण सुरू झालं की फरशी थरथरायची, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या केसांवर पिठाचा पातळ थर बसायचा. मैत्रिणींच्या वाट्याला बालवाड्या आल्या होत्या, दवाखाने आले होते. माझी संस्था औषध देत नव्हती, शाळा चालवत नव्हती, काहीच वाटत नव्हती. ज्यांना जे मिळायला हवं ते त्यांनी स्वतः जाऊन मागावं, एवढंच ती शिकवायची. घरी हे समजावून सांगताना माझी फार पंचाईत व्हायची.

संस्था चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, आणि पिशवीत कायम शेंगदाणे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुला राग येतो का?"

"येतो," मी म्हटलं. मला ती शाबासकीच वाटली.

"चांगलं आहे. पण एक नियम आहे आपल्याकडे. साहेबासमोर आपण बोलायचं नाही. बोलायचं ते ज्याचं काम आहे त्याने. तू सोबत जायचंस, बाजूला बसायचंस, आणि तोंड मिटून घ्यायचंस."

"आणि साहेब चुकीचं बोलला तर?"

"तरीही. तू परीक्षा देऊन निघून जाशील. त्यांना पुन्हा पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहायचंय. तू त्यांच्या वतीने बोललीस, तर पुढच्या वेळी साहेब विचारेल, त्या शिकलेल्या मॅडम कुठायत? त्यांना घेऊन या."

नियम मला मुळीच पटला नाही. मला गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं होतं. पण फील्डवर्कचा शेरा त्याच देणार होत्या, म्हणून मान हलवली.

माझ्या वाट्याला दिवा आलं. तेव्हा डोंबिवलीच्या पुढचं स्टेशन थेट दिवाच होतं, पण मी कधी तिथे उतरले नव्हते. उतरायचं कारणच नव्हतं. चाळी इतक्या घाईने उठत होत्या की गिलावा ओला असतानाच माणसं सामान लावायची. भाडं कमी म्हणून लोक यायचे आणि पाणी नाही म्हणून रडायचे. आमच्या वस्तीला मिळून एक नळ. त्याला पाणी यायचं अकराच्या सुमारास, आणि तासाभरात जायचं.

तिथे मला वहिनी भेटल्या. त्या वस्तीतल्या बायकांना मी वहिनी म्हणायचे, पण नुसतं वहिनी म्हटलं की ती हीच. रत्नागिरीकडची, तिशीतली, काटक. ठाण्याच्या एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करायची. नवरा कारखान्यात. दोघं आठाच्या आत घराबाहेर. म्हणजे अकराला नळावर उभी राहायची ती त्यांची मुलगी. आणि मुलीची शाळा बाराची.

मुलगी सातवीत होती. अशा हकिगतींमधली मुलगी नेहमी हुशार असते, म्हणून मुद्दाम सांगते, ही तशी काही नव्हती. गणितात जेमतेम. तिला शाळा आवडायची ती खो-खोसाठी आणि मैत्रिणींसाठी. पण नळावर नंबर लागून, हंडे घरी पोचवून, कपडे बदलून ती निघेपर्यंत शाळेचे दोन तास झालेले असायचे. मग उशिरा गेल्यावर वर्गातल्या बाई उभं करतात म्हणून ती जायचीच नाही. दिवाळीनंतर वर्गशिक्षिकेने निरोप धाडला की हजेरी अशीच राहिली तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही.

शेजारणीने पाणी भरून ठेवावं, असं मी सुचवून पाहिलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "तिचाच हंडा अर्धा राहतो, ती माझा कुठून भरणार?"

बाप दुष्ट नव्हता. त्याला मुलीने शिकू नये असं वाटत नव्हतं. त्याचं म्हणणं इतकंच होतं की शाळेवाचून घर चालतं, पाण्यावाचून चालत नाही. मुलगी नापास झाली तर मे महिन्यात तिला गावी काकूकडे धाडायचं आणि काकूची धाकटी, जिने शाळा कधीच सोडली होती, तिला इकडे पाण्याला आणायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या आणि हात थांबला नाही. "गावाला गेली ना, की ती परत शाळेत नाय जायची," त्या म्हणाल्या. "मी पण अशीच सातवीत गेलेली घरी."

मला इतका राग आला की मी लगेच ठाण्याच्या कचेरीत जाऊन तिथल्या साहेबाला फैलावर घ्यायला निघाले असते. बाईंनी शेंगदाणे पुढे केले. "आधी सराव," त्या म्हणाल्या.

सराव ही त्या संस्थेची रीत होती. कचेरीत जाण्याआधी खोलीतच कचेरी मांडायची. बाईंची हातांची खुर्ची म्हणजे साहेबाची खुर्ची, आणि त्यात बसायचं मी. वहिनी आणि वस्तीतल्या आणखी काही बायका समोर उभ्या. मला हे काम फार आवडलं. बाईंचा चष्मा नाकावर घसरवून मी कागदात डोकं घालायचे आणि वर न बघता विचारायचे, "काय आहे?"

"ते... पाण्याचं..."

"पाण्याचं काय? सगळ्या गावाला पाण्याचंच असतं. चाळ कायदेशीर आहे का तुमची? नाही ना? मग? चला, पुढच्या महिन्यात या."

पहिल्या दिवशी वहिनी भिंतीकडे बघून बोलल्या. दुसऱ्या खेपेला माझ्या हातांकडे. हळूहळू डोळ्यांत बघू लागल्या. बाईंनी शिकवलं की साहेबाचा आवाज चढला की आपला उतरवायचा, त्याचं ओरडून होईपर्यंत थांबायचं आणि मग आपलं तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. मी जीव तोडून अपमान करायचे. एकदा मी इतकं लागट बोलले की मागच्या रांगेतली एक म्हातारी "मेल्या, तुझ्या घरी नाय का आयाबहिनी?" म्हणून माझ्यावर धावूनच आली. गिरणीवाला वर बघायला आला, काय झालं म्हणून. पण वहिनी ढळल्या नाहीत. "साहेब, आमच्या गल्लीत नळ पायजे," त्यांनी चौथ्यांदा शांतपणे सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग ठाणे. कुठलं खातं, कुठले साहेब, ते लिहीत नाही. सांगायचंय ते त्यांच्याबद्दल नाही. बायका धुतलेल्या साड्या नेसून, केसांना तेल लावून आल्या होत्या. सोबतीला बाई आणि मी. दाराशी वहिनींनी पदर खोचला. त्या लढायला निघालेल्या होत्या.

साहेब उठून उभे राहिले.

"या, या. उभ्या का? बसा ना." त्यांनी पलीकडच्या टेबलाच्या खुर्च्या मागवल्या. शिपायाला चहा सांगितला. वहिनींकडे वळून म्हणाले, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

वहिनींनी गाव सांगितलं.

"काय सांगता! नदीपलीकडे माझं आजोळ. शिमग्याला आमची पालखी तुमच्या वेशीपर्यंत येते."

"व्हय! आणि मग आमची सामोरी जाते," वहिनींचा चेहरा उजळला. "तुमी नदीपलीकडचे?"

कोकणातल्या माणसाला माहीत आहे, इथे संपलं सगळं. पालखी निघाली, पालखीवरून देऊळ, देवळावरून गुरव, गुरवावरून कुणाची तरी आत्या. चहा आला, सोबत बिस्किटं आली. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्याकडच्या माहेरवाशीण." पाण्याचं निघालं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "किती हाल तुमचे. नव्या लाइनची योजना आहेच. मी बघतो. करू आपण काहीतरी." मग ते हात जोडून उठले, आणि सगळ्या बायका उठल्या. माझ्या तोंडात एक शब्द होता, 'कधी?' तो मी चहाच्या घोटाबरोबर गिळला. फार कडू लागला.

जिना उतरताना बायका खूश होत्या. "कसला सज्जन माणूस!" "आणि आपण काय काय ठरवून आलेलो!"

तलावाकाठी, तलावपाळीवर बसलो आणि माझा बांध फुटला. "काय मिळालं?" मी ओरडले. "सांगा ना, काय मिळालं? योजना आहेच म्हणे! तारीख विचारली कुणी? एकीने तरी विचारली?"

वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ते जाताना बघून मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेण्यासारखं नव्हतं, कारण ते खरं होतं.

"अगं, चहा पाजला त्यानं," वहिनी म्हणाल्या. "गाववाला निघाला. त्याच्याशी भांडायचं कसं?"

बाई मघापासून शेंगदाणे सोलत होत्या. त्या एकदम हसायला लागल्या. "आपण यांना बोलणी खायला शिकवलं," त्या मला म्हणाल्या. "चहा प्यायला शिकवलंच नाही."

पुढच्या आठवड्यात पुन्हा सराव. आता साहेब गोड हवा होता, आणि ते मला मुळीच जमेना. मी लाडीक आवाजात "या, या" म्हटलं की बायका पोट धरून हसायच्या. ती म्हातारी म्हणाली, "हिला गोड बोलताना बघितलं की वाटतं हिच्या पोटात कळ आलीय." शेवटी बाईंनी मला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. बाईंनी साहेब असा काही वठवला की मीसुद्धा विरघळले. त्यांनी मायेने चौकशी केली, हळहळ केली, आणि शेवटी हात जोडून उठल्या. सगळ्या बायका आपोआप उठल्या.

"बघा," बाई म्हणाल्या. "उठलात."

पुन्हा केलं. पुन्हा उठल्या. कुणी समोर हात जोडून उभं राहिलं की बसून राहायला त्यांच्या अंगातच नव्हतं. तिसऱ्या वेळी वहिनींनी बसल्या खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली होती, तरी त्या अर्ध्या उठल्याच. मग वैतागून खाली बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "पण गाववाल्याकडं गेलो तर आपण उठतो का गं लगेच?"

"म्हणजे?"

"तो म्हणतो बसा, आपण बसतो. तो कामाला लागतो, तरी आपण बसतो. जेवायची वेळ होते, तरी बसतो. मधेच उठलो तर त्याला राग येतो, परक्यासारखं काय करता म्हणून." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "त्याला गाववाला व्हायचंय ना? मग होऊ दे की."

त्याच दिवशी मागणंही बदललं. नवी लाइन म्हणजे वर्षानुवर्षांचं काम, आणि मुलीची परीक्षा एप्रिलमध्ये. वस्तीला हे ठाऊक होतं की टाकी पहाटेच भरलेली असते. चावी फिरवणारा माणूस उशिरा येतो म्हणून पाणी उशिरा येतं. "नळ येईल तवा येईल," वहिनी म्हणाल्या. "आत्ता फक्त चावी सकाळी फिरवा म्हणायचं." ती मागणी इतकी साधी होती की तिला 'योजना आहेच' असं उत्तर देताच येणार नव्हतं.

दुसऱ्या खेपेला साहेब पुन्हा उठून उभे राहिले. पुन्हा खुर्च्या, पुन्हा चहा. वहिनींनी चहा बशीत ओतून सावकाश प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची भाची सातवीत हाय."

साहेबांना क्षणभर कळेना, कुठली भाची. मग कळलं. वहिनींनी सगळं सांगितलं. शाळेची वेळ, नळाची वेळ, परीक्षेचा निरोप. आवाज कुठेही चढला नाही. "पाणी सकाळी सोडा. बाकी काय नको."

"बघतो मी. नक्की बघतो," साहेब म्हणाले आणि हात जोडून उठले.

कुणी उठलं नाही.

मागची म्हातारी थोडी हलली, पण तिने लुगडं सावरल्यासारखं केलं आणि पुन्हा टेकली. "बघा भाऊ," वहिनी म्हणाल्या. "आम्ही बसतो. तुमचं काम चालू द्या."

साहेब हसले आणि बसले. दुसरी माणसं आली, गेली. साहेबांनी सह्या केल्या. मधून मधून आमच्याकडे बघून हसत होते, पण ते हसू दरवेळी थोडं आखूड होत होतं. बायका आपसांत हळू आवाजात पालखीचं बोलत होत्या. मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हीच समजवा ना यांना. अशी कामं एका दिवसात होतात का?"

आयुष्यात मला कुणी बोलायचं असं आयतं आमंत्रण दिलं नव्हतं. चावी फिरवायला योजना लागते का, असा प्रश्न माझ्या जिभेवर तयार होता, आणि त्याच्या मागे आणखी चार. मी वहिनींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांना खात्री होती की मी बोलणार नाही, की त्या मला विसरल्याच होत्या, कोण जाणे. मी दातांवर दात दाबून म्हटलं, "मी नुसती सोबत आलेय."

एवढं एक वाक्य बोलायला मला जितका जोर लागला तितका नंतर कधी भाषणांनाही लागला नाही.

जेवणाची वेळ झाली. शिपायाने साहेबांचा डबा आणून टेबलावर ठेवला. साहेबांनी डब्याकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. समोर गावच्या माहेरवाशिणी बसल्यात आणि आपण एकट्याने डबा उघडायचा, हे त्यांच्याच्याने होईना. "तुम्ही जेवणार ना थोडं?" त्यांनी विचारलं.

"तुमी जेवा भाऊ," वहिनी खरोखर मायेने म्हणाल्या. "आमी आपलं घरचं माणूस. कुठं पळतोय?"

साहेबांनी डबा बाजूला सारला आणि फोन उचलला. पलीकडे कोण होतं ठाऊक नाही, पण साहेब त्याच्यावर जे ओरडले ते ऐकून मला माझा सरावातला साहेब मवाळ वाटला. चावीवाल्याची पाळी बदलायची, सोमवारपासून सहाच्या आत पाणी सोडायचं, आणि सोडलं की नाही ते साहेबांना कळवायचं. फोन ठेवून ते म्हणाले, "झालं? आता तरी जेवू देता का?" आणि या वेळी खरंच हसले. वहिनी उठल्या, पाठोपाठ सगळ्या उठल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला नाही. "शिमग्याला या," एवढंच म्हणाल्या.

मुलीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाला घोर नको. ती परीक्षेला बसली आणि गणितात काठावर का होईना, पास झाली. नवी लाइन यायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि तिच्यासाठी त्या बायका माझ्यावाचून, बाईंवाचूनही, कितीदा तरी ठाण्याला जाऊन बसल्या.

पण मला तो सोमवार सांगायचाय. साहेबांनी शब्द पाळला की नाही, हे बघायला मी पहिल्या गाडीने दिव्याला गेले. न पाळला तर काय करायचं, याची मी मनात तयारी करत होते, आणि ती तयारी काही बाईंच्या नियमात बसणारी नव्हती. गल्लीत अजून अंधुक होतं. बायका हंडे, कळशा, डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. पाणी येईल यावर निम्म्यांचा विश्वास नव्हता. कुणीतरी कुणाचा तरी नंबर पुढे सरकवला होता आणि त्यावरून वाजायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात नळ खाकरला, हवा सुटली आणि पाणी आलं. एकच कल्ला उठला. हंडे आपटले, म्हातारीने साहेबाला आशीर्वाद दिला, कुणी नवऱ्याला हाका मारल्या.

"हळू गं," वहिनी म्हणाल्या. "हळू. पोरगी निजलीय."

त्यांचं दार नळाच्या समोरच होतं. दार अर्धं उघडं होतं आणि मुलगी उंबऱ्यालगत, तोंड उघडं टाकून, गाढ झोपली होती. रांगेतल्या बायकांनी तिच्याकडे बघितलं आणि त्या नळावर मी कधी ऐकली नव्हती अशी शांतता झाली. हंडे अलगद ठेवले जाऊ लागले. भांडणाऱ्या त्या दोघीजणी कुजबुजत भांडू लागल्या. मी वहिनींची कळशी उचलायला गेले, तर त्यांनी मान हलवून मला नको म्हटलं. त्यांना ते पाणी स्वतःच आत न्यायचं होतं.

सगळं भरून झालं. आठ वाजायला आले तशी नवऱ्याने चप्पल घातली आणि मुलीला उठवायला वाकला. वहिनींनी त्याचा हात धरला. त्यांनी भरल्या हंड्यांवर ताटल्या झाकल्या, मुलीच्या पायांवरून जपून पलीकडे आल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.